भांडवलशाही की समाजवाद? सीमाभागातल्या उसाचं उत्तर

निव्वळ एकच व्यवस्था कुठेही नीट चालत नाही. कर्नाटकातल्या, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या निपाणी-चिकोडीचा ऊसच बघा. किमान दर, म्हणजे एफआरपी, ठरवतं केंद्र सरकार: २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३४० रुपये होती. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्यानं १४ दिवसांत उसाचे पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. कागदावर झकास! पण ही एफआरपी कारखान्याच्या गेटवर पोचलेल्या उसाची. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातूनच कापला जातो. शिवाय उतारा मोजणारा आणि वजनकाटा चालवणारा कारखानाच. कायदा तिथे लंगडा पडतो, कारखाना खाजगी असो वा सहकारी.

सहकारात 'एक सभासद, एक मत' हे तत्त्व उत्तम. पण वार्षिक सभेला कुणी ताळेबंद वाचत नाही, मग संचालक मंडळ पुढाऱ्याच्या घरचं होतं. खाजगीवाल्याला मताची भीती नाही, ऊस दुसरीकडे जाण्याची आहे. म्हणून हद्दीपलीकडच्या कोल्हापूरच्या कारखान्यांची स्पर्धा इथल्या शेतकऱ्याला भाषणांपेक्षा जास्त कामाची.

माझं मत: बाजार हवा, सहकार हवा, वर निवडून आलेलं सरकार हवं, आणि काटा तिसऱ्याच्या हातात.