लष्करी पेन्शनच्या कागदांवरून घराण्याचा शोध: सुरुवात पणजीपासून करावी

आपले पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून इराकमधील बसऱ्याकडे गेले ते परतले नाहीत, पणजी चंदगडकडचे गाव सोडून बेळगावजवळच्या खानापुरास आली आणि शेवटपर्यंत पेन्शन घेत राहिली, एवढ्या माहितीवरून घराण्याचा शोध कसा घ्यावा, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की शोध पणजीपासून सुरू करावा. शिपायाची नोकरी त्याच्या मृत्यूबरोबर संपली. पेन्शन मात्र चालू राहिली, आणि पैसे घेणारी बाई खरी वारस आहे की नाही हे सरकारला पडताळावे लागे. म्हणून या कागदांत पराक्रमापेक्षा नातीगोती अधिक सापडतात.

आधी घरातली जुनी ट्रंक आणि जमिनीच्या उताऱ्यांची पिशवी पाहावी. खानापूर तालुक्यातील एका घरात मी असा कागद पाहिला आहे: चार घड्या पडलेला, मागे पैसे दिल्याच्या नोंदी, प्रत्येक नोंदीजवळ अंगठा, आणि पुढे ओळखीची खूण म्हणून भुवईवरचा व्रण नोंदलेला. त्या घरात आजीचा एकही फोटो नाही. असा कागद मिळाल्यास त्यावरचा शिपायाचा नंबर आणि पलटणीचा आकडा प्रथम उतरवून घ्यावा.

पलटणीच्या आकड्याबाबत सावध राहावे. 29 एप्रिल 1916 रोजी इराकमधील कुत-अल-अमारा येथे तुर्कांना शरण गेलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. 1922 च्या पुनर्रचनेत त्याच अनुक्रमे 5 व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बटालियन झाल्या. त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या कागदांवर वेगळे आकडे दिसले तरी माणूस एकच असू शकतो.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर युद्धात मृत्यू पावलेल्या शिपायांच्या नोंदी आहेत आणि त्यांत पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव, तालुका व जिल्हाही असतो. तेथे आडनावावर भिस्त ठेवू नये. कारकुनाने कानाला ऐकू आले तसे इंग्रजीत लिहिलेले असते, म्हणून गावाच्या नावाने शोधणे बरे. जिल्हा ‘बेळगाव’ दिसला तरी बिचकू नये, कारण चंदगड तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता आणि राज्य पुनर्रचनेत तो कोल्हापूरकडे गेला. आपल्या घराण्याचे जुने फेरफार आणि वारसनोंदी म्हणूनच कोल्हापूरच्या बाजूला शोधाव्या लागतील.

पणजीने दिराशी पुनर्विवाह केला होता का, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना आदराने विचारावे. 1961 च्या लष्करी पेन्शन नियमांत पुनर्विवाहाने विधवेची पेन्शन बंद होई. दिराशी विवाह केल्यास मात्र ती चालू राही. आपल्या भागातील काही घरांतल्या वंशावळीचा गुंता याच प्रश्नाने सुटतो.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अभिलेख कार्यालय बेळगावातच आहे. इतक्या जुन्या शिपायाचे कागद मिळतीलच असे नाही, तरीही नंबर, पलटण, गाव व पणजीचे नाव लिहून, नाडकचेरीतून (कर्नाटकातील स्थानिक महसूल कार्यालयातून) काढलेला वंशवृक्ष जोडून लेखी अर्ज जरूर करावा. मात्र घराण्यातील नंतरच्या पिढीतले कोणी महार रेजिमेंटमध्ये असल्याचे कळले, तर ती रेजिमेंट 1941 मध्ये बेळगावात उभी राहिली असली तरी तिचे केंद्र आज मध्य प्रदेशातील सागर येथे आहे; अर्ज तिकडेच पाठवावा.