घरी सुटतं, वर्गात अडतं

प्रिय बाय,

डिचोलीहून बसने कॉलेजला जातेस, मेकॅनिकलचं पहिलं वर्ष. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या चाचणीआधी सर म्हणाले, "मुलींना वस्तू डोळ्यांपुढे फिरवता येत नाही, सोपे प्रश्न आधी घ्या." आयसोमेट्रिक, म्हणजे ठोकळ्याच्या तीन बाजू एकत्र दाखवणारं तिरकं चित्र, काढताना तुझा हात थांबला. घरी तीच आकृती सहज जमली. बाबा म्हणतात, शाखा बदल. तू विचारतेस, "मावशी, मुलींचा मेंदूच असा असतो का?"

नाही गं. घरी जमली ना? मुळातच येत नसतं तर घरीही अडली असतीस. वर्गात तू ठोकळा फिरवत होतीस आणि त्याच वेळी सरांचं बोलणं खोटं पाडायला धडपडत होतीस. मन एकच, कामं दोन. क्लॉड स्टील आणि जोशुआ अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये असंच दडपण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या बाबतीत दाखवलं. त्याचा परिणाम नेमका किती, यावर संशोधकांत अजून वाद आहे, पण तुझ्या वर्गात घडलं ते मला तसंच दिसतं.

अशा चाचण्यांत मुलग्यांची सरासरी बहुधा पुढे असते, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण ईशान्य भारतात शेजारी राहणाऱ्या खासी आणि कार्बी लोकांना एक कोडं जुळवायला दिलं होतं. सुमारे १,३०० माणसं होती, निष्कर्ष २०११ मध्ये आले. कार्बींमध्ये जमीन मुलाकडे जाते. तिथे पुरुष पुढे होते. खासींमध्ये वारसा धाकट्या लेकीकडे जातो. तिथे फरक जवळजवळ नव्हताच. मेंदूतच खोट असती तर डोंगरापलीकडे ती नाहीशी कशी झाली असती?

तुझी आई ब्लाऊज शिवते, असं लिहिलंयस. सपाट कापडावर बाही बेतताना ती दंडाभोवती कशी बसेल, उजवी कुठली, डावी कुठली, हे ती कात्री लावण्याआधीच मनात बघते. तिला वस्तू मनात फिरवता येते असं कुणी म्हणत नाही, याचा मला राग येतो.

आता काम. सराव केला की हे कौशल्य वाढतं आणि टिकतं. २१७ अभ्यास एकत्र तपासून २०१३ मध्ये हे मांडलं गेलं. अंगाचा साबण घे, पुस्तकातल्या आकृतीसारखा सुरीने काप, हातात फिरव, तिन्ही बाजूंनी काढ. आठवड्याने साबण न घेता काढ. चाचणीत सरांचं वाक्य आठवलं, तर पहिली रेघ ओढून टाक, मन मागून येईल. सरांशी बोलायचं असेल तर मैत्रिणीला सोबत ने.

बाबांना हे पत्र दाखव. शाखा बदलायचा अर्ज सेमिस्टरचा निकाल लागेपर्यंत भरू नकोस.

तुझी,
मावशी