आपल्या मताला अडणारं वचन

प्रिय मुला,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अभ्यासगटात दोघांचं बिनसलं. एक म्हणतो, यरुशलेमात मंदिर पुन्हा उभं राहिल्याशिवाय शेवट येणार नाही. दुसरा म्हणतो, मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातलं येशूचं भाकीत इ.स. ७० मध्ये, रोमनांनी यरुशलेम पाडलं तेव्हाच पुरं झालं. आता दोघं एका बाकावर बसायलाही तयार नाहीत, आणि खरं कोणाचं, असं तू मला विचारतोस. त्याबद्दल सांगतोच, पण त्याआधी वाचनाची एक सवय तुला लावून द्यायची आहे. मला ती फार उशिरा लागली.

भविष्यवाणीबद्दल कोणतंही मत धरलंस, की त्या मताला सगळ्यात जास्त अडणारं वचन कोणतं ते शोध. दुसऱ्याने तोंडावर फेकण्याआधी तुझं तू शोध, आणि त्याच्यापाशी थांब.

तुझ्या वयाचा असताना मी त्याच अध्यायातल्या अंजिराच्या झाडाच्या दाखल्यावर शिकवत असे. अंजीर म्हणजे इस्राएल. १९४८ साली राष्ट्र उभं राहिलं, म्हणजे झाडाला पालवी फुटली. हे सगळं होईपर्यंत ‘ही पिढी’ नाहीशी होणार नाही, असं प्रभू तिथे म्हणतो; ती पिढी म्हणजे चाळीस वर्षं. मी फळ्यावर बेरीज मांडली: १९८८. ऐकणाऱ्यांत एक हुशार मुलगा होता. प्रभू येणारच आहे तर पदवी घेऊन काय करायचं, म्हणून त्याने शिक्षण सोडलं. १९८८ आलं आणि गेलं. तो माझ्याशी भांडला नाही, रागाने एक शब्दही बोलला नाही. मंडळीत यायचा मात्र थांबला. त्याचं ते गप्प राहणं मी अजून विसरलेलो नाही.

पुढे एकदा लूकचा एकविसावा अध्याय वाचत होतो. तोच दाखला, तोच प्रसंग. पण एकोणतिसाव्या वचनात प्रभू म्हणतो, अंजिराच्या झाडाकडे आणि इतर सर्व झाडांकडे पाहा. सर्व झाडांकडे! अंजीर जर इस्राएल, तर बाकीची झाडं कोण? पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला हे कळतं, एवढं साधं ते सांगणं होतं. हे वचन मी तोवर कितीतरी वेळा वाचलं होतं. माझ्या बेरजेत ते बसत नव्हतं, म्हणून दिसूनही दिसलं नव्हतं.

माझ्याआधी विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकाचं असंच झालं. दानीएलाच्या आठव्या अध्यायातले २३०० दिवस म्हणजे तितकी वर्षं, असं धरून त्याने इ.स.पू. ४५७ पासून मोजायला सुरुवात केली. आधी १८४३–४४ चं वर्ष ठरलं. ते टळल्यावर त्याच्या चळवळीने २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. तो माणूस लबाड नव्हता. त्याचं शास्त्रवाचन आपल्यापैकी अनेकांपेक्षा जास्त होतं. पण तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, हे मार्क १३:३२ त्याच्याही पवित्र शास्त्रात छापलेलं होतं.

आता बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण. ते वाचण्याचे चार मार्ग तुझ्या कानावर असतीलच: बहुतेक सगळं पहिल्या शतकात घडून गेलं, मंडळीच्या सगळ्या इतिहासात क्रमाने घडत आलं, बहुतेक सगळं अजून घडायचं आहे, किंवा ही प्रत्येक काळाला लागू पडणारी चित्रं आहेत. प्रत्येकाला कुठे ना कुठे अडतंच. ‘घडून गेलं’ म्हणणारे त्यातल्या श्वापदाचा सहाशे सहासष्ट हा आकडा नीरो कैसराच्या नावावर बसवतात, आणि इब्री अक्षरांत तो खरोखर बसतो. काही जुन्या प्रतींत सहाशे सोळा आहे, तोही त्याच नावाच्या दुसऱ्या लेखनाशी जुळतो. मी या वाचनाला वजन देतो. पण दुसऱ्या शतकातला मंडळीचा शिक्षक इरेनियस सांगतो की हा दृष्टान्त रोमी सम्राट दोमितियानच्या कारकिर्दीच्या अखेरीस झाला, म्हणजे यरुशलेम पडून पंचवीसेक वर्षं उलटल्यावर. मग तो नाश ‘पुढे होणार’ असं प्रकटीकरण लिहिणारा योहान कसं लिहील? उलट, ‘सगळं पुढेच’ म्हणणाऱ्याला पहिलंच वचन अडतं: या गोष्टी लवकर घडून आल्या पाहिजेत. हे आशियातल्या सात मंडळ्यांना लिहिलेलं पत्र आहे. स्मुर्णाच्या छळ सोसणाऱ्या माणसांना दोन हजार वर्षांनंतरचं वेळापत्रक कशाला हवं होतं?

इथून मी यशयाकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते सातव्या अध्यायाने. कुमारी गर्भवती होईल, हे वचन आपण नाताळात म्हणतो. ते कुठे बोललं गेलं ते एकदा नीट बघ. यहूदाचा राजा आहाज वरच्या तळ्याच्या पाटाच्या टोकाशी, परटाच्या शेताच्या वाटेवर आहे. अराम आणि उत्तरेचं इस्राएल मिळून चालून येताहेत, आणि वाऱ्याने रानातली झाडं हलावीत तसं त्याचं आणि लोकांचं काळीज हललं आहे. त्या घाबरलेल्या माणसाला यशया चिन्ह देतो, आणि सोळाव्या वचनात म्हणतो: त्या मुलाला बरंवाईट कळू लागण्याआधीच, तुला ज्या दोन राजांची धास्ती वाटते त्यांचा देश ओसाड पडेल. इ.स.पू. ७३२ मध्ये अरामची राजधानी दमास्कस पडलीसुद्धा.

हे वचन फक्त बेथलेहेमासाठी होतं असं म्हणणाऱ्याला सोळावं वचन अडतं. सातशे वर्षांनी होणाऱ्या जन्माचा त्या वाटेवर उभ्या असलेल्या राजाला काय आधार? इब्री शब्दाचा अर्थही ‘तरुण मुलगी’ असा होतो; ‘कुमारी’ हा नेमका अर्थ ग्रीक भाषांतराने पक्का केला, आणि मत्तयाने तेच उचललं. पण हे फक्त आहाजच्या काळापुरतं होतं असं म्हणणाऱ्यालाही सुटका नाही. दोनच अध्याय पुढे जन्मणाऱ्या बाळाला ‘समर्थ देव’ हे नाव येतं, आणि आहाजच्या घराण्यातला कोणताही राजा त्या नावाला पुरा पडला नाही. माझी समजूत अशी की वचन त्या दिवशी खरं ठरलं, पण भरून उरलं. मत्तय ‘पूर्ण झालं’ म्हणतो तेव्हा भांडं काठोकाठ भरल्यासारखं म्हणतो. होशेयाचं ‘मिसर देशातून मी आपल्या पुत्राला बोलावलं’ हे तर मुळात भाकीतच नव्हतं, निर्गमाची आठवण होती. तरी मत्तय तेही येशूच्या जीवनात भरलेलं पाहतो.

आणखी एक जागा दाखवतो. नासरेथच्या सभास्थानात प्रभूने यशयाची गुंडाळी उघडली, परमेश्वराच्या प्रसादाच्या वर्षापर्यंत वाचलं आणि वाक्य संपायच्या आत गुंडाळी मिटली. पुढचे शब्द सूडाच्या दिवसाचे होते. भविष्यवाद्यांचा, म्हणजे ‘सगळं पुढेच’ म्हणणाऱ्यांचा, इथे मोठा आधार आहे: एकाच वाक्यात दोन आगमनं, मध्ये काळाची दरी. दानीएलाच्या नवव्या अध्यायात सत्तर सप्तकं, म्हणजे सात-सात वर्षांचे काळ, आहेत; त्यांतल्या एकोणसत्तराव्या आणि सत्तराव्या सप्तकामध्ये ते तशीच दरी धरतात. लूकमधली दरी मला पटते. दानीएलातली पटत नाही, कारण तिथे कोणी गुंडाळी मिटलेली नाही; वाचणाऱ्यांनीच ती मध्ये थांबवली आहे. पण हे मत मानणाऱ्यांत फार प्रामाणिक माणसं मी पाहिली आहेत.

तर तुझे दोन मित्र. पहिल्याला विचार, ‘ही पिढी नाहीशी होणार नाही’ याचं तू काय करतोस? दुसऱ्याला प्रेषितांची कृत्ये १:११ दाखव: गेला तसाच तो येईल. मग दोघांना मिळून मत्तय २४:३ वाचायला लाव. शिष्यांनी मंदिराबद्दल विचारलं आणि त्याच दमात युगाच्या समाप्तीबद्दलही. उत्तरात दोन्ही धागे गुंतलेले आहेत, आणि तुझ्या प्रत्येक मित्राने एकेकच हातात धरला आहे.

वेगळ्या बाकावर बसण्याबद्दल मात्र मला राग आहे. दुसऱ्या शतकात हुतात्मा जस्टिन प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातल्या ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या, पृथ्वीवरच्या प्रत्यक्ष राज्यावर ठाम होता. तरी त्याने लिहून ठेवलं की शुद्ध, भक्तिमान ख्रिस्ती लोकांपैकी पुष्कळांचं मत वेगळं आहे. ऑगस्टीनने आधी तशाच राज्याची कल्पना धरली होती, मग सोडली. दोघेही मंडळीचेच.

मी आज ऑगस्टीनच्या बाजूला आहे: हजार वर्षं म्हणजे ख्रिस्ताचं आताचं राज्य. आणि मला अडणारं वचन प्रकटीकरण २०:४–५. तिथे ‘जिवंत झाले’ हे एकच क्रियापद दोनदा येतं. पहिल्यांदा मी त्याचा आत्मिक अर्थ घेतो, दुसऱ्यांदा शारीरिक. दोन ओळींत एका शब्दाचे दोन अर्थ. योहान ५ मध्ये आता ऐकून जगणारे आणि पुढे कबरेतून निघणारे असे दोन प्रकार एकापाठोपाठ येतात, त्याचा मी आधार घेतो. पण तिथे प्रभू स्वतः फरक करून सांगतो, इथे योहान सांगत नाही.

तुझं अडणारं वचन कोणतं, ते पुढच्या पत्रात लिही. आणि त्या दोघांची काही खबर असेल तर तीही कळव.

प्रभूमध्ये तुझा,
जुना शिक्षक