एकटीनं म्युझियम बघायला जाण्यात खरंच मजा येते का, आणि एका दिवसात होतील अशी कुठली आहेत?

तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात "एकटीच काय फिरतेस वेड्यासारखी, म्युझियममध्ये बघायचं काय असतं", म्हणून हे उत्तर लिहायला बसले, कारण हेच वाक्य मी सख्ख्या भावाकडून ऐकलंय.

मजा येते का, तर हो, आणि माझं स्पष्ट मत आहे की म्युझियम एकट्यानंच बघावं. घोळक्यात म्युझियम बघून होत नाही, नुसतं फिरून होतं.

मी साताऱ्याची. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात दादा, वहिनी, भाचे आणि मी असे पुण्याला केळकर म्युझियमला गेलो. बाजीराव रोडवरचं, राजा दिनकर केळकर संग्रहालय. पोरं पुढं पळत होती, वहिनीला मस्तानी महाल बघायचा होता (कोथरूडहून आणून आत पुन्हा उभा केलाय तो), आणि मी वज्रीच्या कपाटापाशी थांबले. वज्री म्हणजे टाचा घासायची, पितळेची, कुणावर पक्षी, कुणावर प्राणी. आमच्या आजीकडे अशीच एक होती, वर मोर आणि पोटात खडे, घासताना खुळखुळ वाजायची. आजी परसातल्या दगडावर बसून संध्याकाळी पाय घासायची तेव्हा आम्हाला स्वयंपाकघरात कळायचं की आता आजी दिवा लावायला आत येणार.

दादा मागं आला आणि म्हणाला, "चल की, पोरांना भूक लागलीये, असली वज्री तर आपल्याकडं पण होती."

होती. आजी गेल्यावर दोन महिन्यांत माळा रिकामा करताना त्यानंच मोडीत घातली होती ती, सोबत तांब्या, दोन डबे आणि समई. अकरा किलो भरलं सगळं मिळून, आणि त्यात एक कुकर आला. हे मी त्याला तिथंच, कपाटासमोर बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मग काय ती इथं ठेवली असती का कुणी?" बाहेर येऊन आम्ही जेवलो पण कुणी कुणाशी बोललं नाही.

पुढच्या महिन्यात मी एकटी गेले. एसटीनं स्वारगेटला उतरले आणि चालत गेले. आता बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे तर खर्चाचं कारण पण कुणी सांगू नये. त्या दिवशी पाऊण तास मी त्या एकाच कपाटापुढं होते आणि कुणी चल म्हणालं नाही. तेव्हा दिसलं की एका वज्रीच्या तळाच्या रेघा एकाच बाजूनं झिजल्यात, म्हणजे जी कुणी वापरत होती तिचा हात रोज त्याच तिरप्या कोनात पडत असणार, किती वर्षं कोण जाणे. घोळक्यात हे दिसलं नसतं. आणि एकटं असलं की अनोळखी माणसं आपणहून बोलतात. करंड्यांपाशी एक आजी उभ्या होत्या, त्यांनी मला सांगितलं की हा छोटा कप्पा मेणाचा, आधी मेण लावायचं मग त्यावर कुंकू, म्हणजे दिवसभर टिकतं. मी चाळिशीतली बाई, मला माहीत नव्हतं.

दिनकर केळकरांचं चष्म्याचं दुकान होतं, "अज्ञातवासी" नावानं कविता करायचे. 1920 च्या सुमारास वस्तू जमवायला लागले आणि मुलगा राजा लहानपणीच गेला म्हणून संग्रहाला त्याचं नाव दिलं. पत्नी कमलाबाईंची साथ होती. 20,000 च्या वर वस्तू जमल्या, त्यातल्या मांडलेल्या थोड्याच आहेत, आणि 1975 ला सगळं सरकारला देऊन टाकलं. त्या वस्तू काय होत्या तर अडकित्ते, दिवे, कुलपं, फण्या, म्हणजे लोक ज्याला अडगळ म्हणून मोडीत घालतात तेच. म्हणून "तुझी वज्री इथं ठेवली असती का" याचं उत्तर हो असंच आहे, दादा.

बाकी एका दिवसात होणारी: औंधचं श्री भवानी म्युझियम (सातारा जिल्ह्यातलं, पुण्यातलं औंध नव्हे), औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी 1938 ला उभं केलं, राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्प आहे, यमाईच्या डोंगरावर चढायचं म्हणून सकाळीच जा. कोल्हापूरचं टाउन हॉल म्युझियम, तिथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात मिळालेल्या ब्राँझच्या वस्तू तिथं आहेत. धाराशिव जिल्ह्यात तेर, तिथल्याच रामलिंगप्पा लामतुरेंनी जमवलेलं, मातीच्या बाहुल्या आणि बाईची एक हस्तिदंती मूर्ती, एवढीशी आहे पण समोरून हलू देत नाही. मुंबईकडच्या असाल तर भायखळ्याचं भाऊ दाजी लाड, 1872 ची इमारत, बुधवारी बंद असतं. इतर बरीचशी सोमवारी बंद असतात, फोन करून निघा.

आता सांगायला हवं ते पण सांगते. सगळीकडं बायकांसाठी चांगलं बाथरूम मिळेलच असं नाही, एसटी स्टँडवरच जाऊन या. जुन्या इमारतींना जिने आहेत, गुडघे दुखत असतील तर एकाच मजल्याचा दिवस करा, सगळं बघायचा हट्ट नको. संध्याकाळच्या शेवटच्या गाडीवर भरवसा ठेवू नका, खेड्यातल्या गाड्या चुकतात. आणि घरच्यांना बरोबर न्यायचंच असेल तर न्या, पण मग दुसऱ्यांदा एकट्या जा.

घरी काय सांगायचं ते मला नाही सांगता येणार, मी तर अजून दादाशी त्यावर भांडतेच. माझ्या माहेरच्या माळ्यावर एक घंगाळ शिल्लक आहे. दादा हे वाचत असेल तर मोडवाल्याला बोलवायच्या आधी मला फोन कर, मी अर्ध्या तिकिटात येऊन घेऊन जाते.