राक्षसांना नवं रूप द्यायला तुमचं आवडतं टेम्प्लेट कोणतं?

पाथफाइंडर या टेबलावरच्या रोल-प्लेइंग खेळाच्या पहिल्या आवृत्तीतलं 'ॲडव्हान्स्ड' (टेम्प्लेट म्हणजे तयार राक्षसाच्या आकड्यांवर चढवायचा बदलांचा ठरावीक संच), कारण ते ऐन खेळात, पान न उलटता लावता येतं. गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी व्यक्ती म्हणून मी तेच सगळ्यात जास्त वापरलंय. झटपट नियम एवढाच: फाशांच्या सगळ्या रोलना (डॅमेज म्हणजे इजेच्यासुद्धा) आणि खास क्षमतांच्या डीसीला (त्यांचा परिणाम टाळायला गाठायचा आकडा) +२, एसी (वार लागायला गाठायचा आकडा) आणि सीएमडीला (पकडणं, पाडणं अशा डावांविरुद्धचा बचाव) +४, दर हिट डाइसमागे (राक्षसाचा दमखम ठरवणारे फासे) २ हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) जास्त, सीआर (राक्षस किती अवघड ते सांगणारा आकडा) १ ने वाढतो. म्हणजे एसी १५ आणि ४७ हिट पॉइंटचा, ५ हिट डाइसचा आउलबेअर (अर्धा घुबड, अर्धा अस्वल असा राक्षस) एसी १९ आणि ५७ वर जातो, सीआर ४ चा ५ होतो. टोळीचा म्होरक्या बाकीच्यांपेक्षा भारी वाटायला एवढं पुरतं.

फक्त अख्ख्या टोळीला ते लावू नका. एसी ४ ने वाढला की वीस बाजूंच्या फाशावर खेळाडूंचा नेम साधण्याची शक्यता साधारण २० टक्क्यांनी घटते, आणि पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला लढाई नुसती रेंगाळते. तिथे उलट 'यंग' बघा: सीआर १ ने कमी, दर हिट डाइसमागे २ हिट पॉइंट कमी, डेक्स्टेरिटीवरच्या (चपळाईच्या) रोलना +२, बाकी सगळ्यांना -२. पिल्लू चपळ वाटतं, ते मला फार आवडतं.