वाचताना येतं, पेपरात आठवत नाही

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

सहामाहीत भूमितीचे गुण घसरले म्हणून तू खट्टू झालीस, ते साहजिकच आहे. पण तुझ्या पत्रातल्या एका वाक्याकडे माझं जास्त लक्ष गेलं: ‘बाई, वाचताना सगळं येतं, पेपरात मात्र आठवत नाही.’ दहावीच्या वर्गात हे वाक्य मी दरवर्षी ऐकत आले. असं म्हणणारी मुलं बहुतेक वेळा मेहनती असतात. धडा चार-चारदा वाचतात, ओळींखाली रंगीत रेघा ओढतात, गाइडमधली उत्तरं सुवाच्य अक्षरात उतरवून काढतात. एवढं करूनही हाती काही लागत नाही, तेव्हा ‘माझं डोकंच नाही’ असं ठरवून मोकळी होतात. मला त्याचंच फार वाईट वाटतं.

पुस्तक समोर उघडं असलं की धडा ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचं म्हणजे आपल्याला येतंच असं आपण धरून चालतो. परीक्षेत मात्र पुस्तक नसतं. तिथे आठवावं लागतं, आणि नेमका आठवण्याचाच सराव घरी कधी केलेला नसतो.

समरूपतेच्या प्रकरणातलं प्रमाणाचं मूलभूत प्रमेय घे: त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात विभागते. एकदा नीट समजून वाच, मग पुस्तक मिटून बाजूला ठेव. कच्च्या वहीत त्रिकोण ABC काढ, BC ला समांतर, AB ला P मध्ये आणि AC ला Q मध्ये छेदणारी रेषा PQ काढ आणि सिद्धता लिहायला लाग. बहुतेक मुली दुसऱ्याच पायरीला अडतात, कारण रचना आठवत नाही. अडलीस की लगेच पुस्तक उघडू नकोस. दोन मिनिटं तशीच बस. बाजूंचं गुणोत्तर क्षेत्रफळांवरून काढायचं आहे, मग कोणते त्रिकोण लागतील? PQB आणि PQC. ते मिळवायचे तर BQ आणि PC जोडायला हवेत. दोघांचा पाया PQ एकच आणि उंची समान, म्हणून क्षेत्रफळं समान. हे एकदा स्वतःचं स्वतः सापडलं, की ती रचना पाठ करावी लागत नाही. नाहीच सापडली तर पुस्तकात तेवढी एकच पायरी बघ आणि पुन्हा मीट. दोन दिवसांनी तेच प्रमेय कोऱ्या कागदावर, आणि पुढच्या आठवड्यात आणखी एकदा.

हे मी नुसतं अनुभवावरून सांगत नाही. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले. त्यातला एक त्यांनी दोनदा वाचला. दुसरा एकदाच वाचला आणि मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. ज्यांची परीक्षा पाच मिनिटांनी घेतली, त्यांना दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवला. ज्यांची आठवड्याने घेतली, त्यांना मात्र दोनदा वाचलेला उतारा 42 टक्के आठवला आणि लिहून काढलेला 56 टक्के. रात्री धडा वाचून ‘झाला’ म्हणताना फसगत कशी होते, ते यावरून तुझ्या लक्षात येईल.

गणितात आणखी एक अडचण असते. सरावसंच सोडवताना कोणती रीत वापरायची ते आधीच ठाऊक असतं, कारण ती नुकतीच वर शिकवलेली असते. पेपरात तशी सूचना कोणी देत नाही. म्हणून प्रकरणाच्या शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह लगेच उरकून टाकू नकोस. तीन-चार प्रकरणं झाली की त्यांच्या संकीर्णमधली उदाहरणं मिसळून सोडव. सुरुवातीला जास्त चुकतील, वेळही लागेल. तरी सोडू नकोस. ‘इथे पायथागोरस की समरूपता?’ हे ठरवण्याची सवय अशीच लागते.

चुकलेल्या उदाहरणांसाठी एक वेगळी वही कर. त्यात पूर्ण उत्तर नको, चूक का झाली तेवढं एका ओळीत लिही: ‘भिंगाच्या सूत्रात वस्तूचं अंतर ऋण घ्यायचं राहिलं’, ‘कोन समान आहेत हे लिहिलं, कारण लिहिलं नाही’. पूर्वपरीक्षेच्या आदल्या दिवशी मी तुझ्या जागी असते, तर गाइड मिटून ही वही उघडली असती.

भूगोलाचंही असंच. भारत आणि ब्राझीलच्या हवामानाची तुलना वाचून झाली, की मध्ये रेघ मारून दोन रकाने कर आणि आठवेल ते भर. जे रिकामं राहील, तेवढाच तुझा उद्याचा अभ्यास.

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव, आणि झोप मोडून अभ्यास करू नकोस. क्लासला जाऊन आल्यावर अभ्यास झाला असं समजू नकोस, कारण तिथे विचार सर करतात. तुझा विचार घरी आल्यावर सुरू होतो. वेळापत्रकाला रंग देत बसण्यापेक्षा रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी अर्धा तास कोरा कागद घेऊन बसलीस, तरी मला पुष्कळ आहे.

येत्या रविवारी प्रमाणाचं मूलभूत प्रमेय पुस्तक न बघता लिही आणि तो कागद आहे तसा मला पाठव. खाडाखोड असू दे, ती पुसू नकोस. कुठल्या पायरीला अडलीस ते मला त्यावरूनच कळेल.

तुझ्या,
बाई