बिबट्याच्या मागावर जाण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तीन आठवड्यांच्या सफारींत पाहुण्यांना एकदाही बिबट्या दाखवता आला नाही, याची खंत त्यात ओळीओळींत आहे. पण त्याच पत्रात तू लिहिले आहेस की दोनदा ताजे ठसे मिळाले आणि एकदा वानरे बराच वेळ ओरडत होती. मला तर वाटते की बिबट्या तुला तीनदा भेटला आणि तिन्ही वेळा तू घाईने पुढे निघून गेलास.

ठशापासून सुरुवात कर. सकाळी लवकर, ऊन तिरपे असताना ठसा तुझ्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असा बस, म्हणजे सावलीमुळे त्याच्या कडा उठून दिसतील. तळव्याच्या गादीच्या मागच्या बाजूला तीन फुगीर भाग, चार बोटे आणि नखांची खूण नाही, इतके पाहिले की मांजरकुळातले जनावर आहे हे पक्के होते. पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा आणि रुंद असतो, आणि संथ चालीत मागचा पाय बहुधा पुढच्याच्या ठशावर किंवा अगदी जवळ पडतो. खरा प्रश्न वेळेचा असतो. रात्री झाडावरून ठिबकलेल्या दवाचे बारीक टिपके ठशाच्या आतही उमटले असतील, किंवा एखाद्या किड्याची नक्षीदार वाट ठशाला ओलांडून गेली असेल, तर जनावर रात्रीच निघून गेले. आजूबाजूची धूळ टिपक्यांनी भरलेली आणि ठसा तेवढा गुळगुळीत असेल, तर इंजिन बंद कर आणि कान दे.

कान देणे हे या कामाचे अर्धे अंग आहे. चितळ कधी कधी नुसत्या शंकेनेही ओरडते, म्हणून त्याच्या एका कॉलवर, म्हणजे धोक्याच्या ओरडण्यावर, गाडी पळवू नये. सांबर मात्र सहसा उगाच ओरडत नाही, आणि झाडाच्या शेंड्यावरून खाली रोखून पाहत खाकरणारे वानर तर बिबट्याची दिशाच दाखवत असते. आफ्रिकेच्या सवानात हेच काम इम्पाला ही हरणासारखी जनावरे आणि व्हर्वेट माकडे करतात. कॉल किती आले हे मोजण्यापेक्षा ओरडणाऱ्यांची तोंडे कुठे वळली आहेत आणि ती दिशा सरकते आहे का, हे पाहा. सरकत असेल तर बिबट्या चालतो आहे, आणि त्याच्या मागे न जाता तो जिथे रस्ता ओलांडेल असे वाटते तिथून बरेच अलीकडे थांबणे शहाणपणाचे. आपण दिसलो आहोत हे कळले की तो अनेकदा शिकारीचा नाद सोडतो आणि शेपूट वर वळवून, तिची खालची पांढरी बाजू दाखवत उघड्यावरून निघून जातो.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. अनेक वर्षांपूर्वी एक मादी आमच्या समोरून चालली होती. तिच्या आचळांभोवतीचे केस चोखल्यामुळे ओले आणि चपटे झाले होते. ते मला दिसले होते आणि त्याचा अर्थही मला कळत होता. तरी पाहुण्यांच्या आग्रहाला भुलून मी तिच्या मागे गाडी ठेवली. एका खडकाळ उताराच्या पायथ्याशी ती बसली आणि आम्ही हललो नाही तोवर तीही हलली नाही. पिल्ले त्या खडकांतच होती, आणि माझ्यामुळे त्यांचे दूध लांबले. लहान पिल्लांना लपवून आई शिकारीला जाते, तेव्हा त्यांचा एकमेव बचाव म्हणजे ती कुणाला सापडू नयेत हा. तरसांना किंवा परक्या नराला ती सापडली तर वाचणे कठीण. म्हणून अशी मादी दिसली की पाहुण्यांना कारण सांग आणि तिथेच थांब. कारण नीट सांगितले तर बहुतेक माणसे समजून घेतात, हा माझा अनुभव आहे.

रात्रीच्या फेरीची परवानगी जिथे असते तिथे दिव्याचाही असाच विचार कर. बिबट्या शिकारीच्या पवित्र्यात असेल तर झोत हरणांवर टाकू नकोस. डोळे दिपलेल्या हरणाला पळता येत नाही, आणि मग ती शिकार तुझ्या दिव्याने केलेली असते.

श्रीलंकेच्या ‘याला’ राष्ट्रीय उद्यानात वाघ-सिंह नाहीत, म्हणून तिथला बिबट्या उघड्यावर निवांत दिसतो. दक्षिण आफ्रिकेच्या साबी सँड्स या खासगी अभयारण्यात पिढ्यान्‌पिढ्या गाड्या पाहिलेले बिबटे आहेत. तिथली छायाचित्रे पाहून आपल्या दिवसाचे मोल ठरवू नकोस. पण तिथल्या मार्गदर्शकांची एक सवय जरूर उचल. मिशांच्या सर्वांत वरच्या ओळीच्याही वर जे ठिपके असतात, ते दोन्ही गालांवर मोजून ते प्रत्येक बिबट्या ओळखतात. अंगावरची नक्षीही दोन्ही कुशींवर वेगळी असते, म्हणून एका बाजूचे छायाचित्र पुरत नाही.

एक वही कर. तारीख, वेळ, ठशाची दिशा, कोण ओरडले आणि किती वेळ, हे बिबट्या न दिसलेल्या दिवशीही लिहायचे. पावसाळ्यापूर्वी ती वही घेऊन ये; आपण दोघे बसून तिच्यावरून तुझ्या भागातल्या बिबट्याची हद्द कागदावर काढून पाहू.

तुझा,
एक जुना वाटाड्या